शिपिंगचा हिशोब कुठे चुकतोय? कुरडईच्या एका ऑर्डरीत २०४ रुपये खिशातून गेले

वाळवण_अमळनेर

नमस्कार मंडळी, मी अमळनेरहून लिहितेय. दरवर्षी उन्हाळ्यात आमच्या घरी कुरडया, उडदाचे पापड, बिबडे (आमच्या खानदेशातले ज्वारीचे पापड), शेवया असं सगळं वाळवण होतं, आणि आजवर ते नातेवाइकांना डबे भरभरून वाटायचो. यंदा नणंदबाई म्हणाल्या फुकट काय वाटतेस, विक. तर मी इन्स्टावर पेज काढलं, छोटीशी वेबसाइट केली, आणि खरंच ऑर्डरी आल्या. आत्तापर्यंत १२ झाल्या. पुण्याला ५, मुंबई-ठाण्याला ३, सुरतेला २, बंगलोर १ आणि आसामात एका जवानाला पाठवायला त्याच्या घरच्यांनी सांगितलेलं पार्सल, ते अजून पाठवलेलंच नाही, कारण कुरिअरची साइट तो पिनकोड घेतच नाहीये.

प्रॉब्लेम असा की पैसे उरतच नाहीयेत. १ किलो कुरडई मी ४२० ला विकते, मला ती माल, गॅस आणि बायांची मजुरी धरून २९० ला पडते. शिपिंगचे सरसकट १०० घेते. कुरिअर अ‍ॅग्रीगेटरच्या साइटवर (तिथे वेगवेगळ्या कुरिअर कंपन्यांचं बुकिंग एकाच जागी होतं) वजन १.२ किलो टाकलं तर १५१ दाखवलं, म्हटलं ठीक आहे, वरचे ५१ आपण सोसू, पहिली पहिली ऑर्डर आहे. पार्सल पोचलं, ताईंचा छान रिव्ह्यू पण आला. आणि आठवड्याने बघते तर वॉलेटमधून अजून २८३ रुपये २० पैसे कापलेले!! कारण काय तर वजनात तफावत. म्हणे पार्सल साडेचार किलोचं होतं. अहो १ किलो कुरडई साडेचार किलो कशी होईल, वाटेत पाऊस लागून भिजली तरी होणार नाही. मी स्वतः किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून दिलंय. कस्टमर केअरला फोन केला तर पलीकडचा मुलगा 'मॅम व्हॉल्युमेट्रिक आहे' एवढंच म्हणत राहिला.

४२० अधिक १०० आले ५२०. गेले २९० अधिक ४३४. म्हणजे २०४ रुपये मी माझ्या खिशातून भरले आणि वर त्या ताईंना थँक्यूची चिठ्ठी पण लिहिली हाताने. सासरे म्हणतात ह्यापेक्षा वाटत होतो तेच बरं होतं, निदान लोक घरी येऊन चहा तरी पीत होते.

कोणी नीट समजावून सांगेल का की शिपिंग किती लावायचं हे ठरवतात कसं? फ्री शिपिंग द्यावं का? कॅश ऑन डिलिव्हरी चालू करा म्हणून पण मेसेज येतात. कॉमर्सवाली आहे मी, हिशोब जमतो, पण इथे नक्की कशाचा हिशोब करायचा तेच कळेना.

चपलांचा_दुकानदार

ताई, तुमची फसवणूक झालेली नाही, फक्त तुम्ही वजन पाठवताय असं तुम्हाला वाटतं आणि कुरिअरवाला जागा विकतो. त्याच्या गाडीत तुमचं खोकं जेवढी जागा अडवणार तेवढे पैसे. म्हणून ते दोन वजनं काढतात. एक काट्यावरचं, आणि दुसरं लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. ह्यातलं जे जास्त ते बिलाला. काही कंपन्या ५००० च्या ऐवजी ४५०० किंवा ४००० ने पण भागतात, म्हणजे अजून महाग पडतं, तर तुमच्या अ‍ॅग्रीगेटरच्या रेटकार्डाच्या खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते आधी बघा.

आता सांगा खोकं केवढं होतं? माझा अंदाज आहे तुम्ही दुकानातून फुकटचं खोकं आणलंत 😄

मी कोल्हापुरी चपला विकतो, पहिल्या वर्षी बुटाच्या मोठ्या बॉक्समधून एकेक जोड पाठवत होतो, माझंही असंच झालेलं. चप्पल अर्धा किलोची आणि बिल दीड किलोचं.

वाळवण_अमळनेर

अहो तुम्हाला कसं कळलं!! बिस्किटांचं खोकं होतं. आत्ता टेप घेऊन तसंच दुसरं मोजलं, ३८ बाय २८ बाय २१. गुणाकार २२३४४, भागिले ५००० म्हणजे ४.४७. म्हणजे साडेचार किलो बरोबरच आहे त्यांचं. आणि मी त्या पोराला फोनवर काय काय बोलले.

बरं रेटकार्ड बघितलं, ५००० च आहे. महाराष्ट्रात पहिल्या अर्ध्या किलोला ४८, पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला ४०, वर १८ टक्के जीएसटी.

चपलांचा_दुकानदार

बघा मग. साडेचार किलो म्हणजे अर्ध्या-अर्ध्या किलोचे ९ टप्पे, त्यांच्या भाषेत स्लॅब. ४८ आणि ८ गुणिले ४०, झाले ३६८, जीएसटी धरून ४३४. पैशाला पैसा जुळतो.

आता हेच १ किलो जर ३० बाय २५ बाय २० च्या खोक्यात बसवलंत तर १५००० भागिले ५०००, बरोब्बर ३ किलो. ४८ आणि ५ गुणिले ४० म्हणजे २४८, जीएसटीसकट २९२.६४. म्हणजे ते बिस्किटाचं 'फुकट' खोकं तुम्हाला १४१ रुपये ६० पैशाला पडलं. नवीन थ्री प्लाय (तीन थरांच्या पुठ्ठ्याचं) खोकं होलसेलमध्ये १५-२० रुपयांत येतं.

पण थांबा, २९२ पण द्यायचे नाहीत. तुम्ही जी सर्व्हिस निवडली ती अर्ध्या किलोच्या स्लॅबची आहे, ती हलक्या पार्सलसाठी असते. मोबाइल कव्हर, दागिने, टीशर्ट वगैरे. २-३ किलोच्या पुढे ती घेऊच नये. त्याच साइटवर सरफेसमध्ये (विमानाने नाही, रस्त्याने जाणारं) २ किलो, ५ किलो, १० किलोपासून सुरू होणारे ऑप्शन असतात, पहिल्या २ किलोचा एक रेट आणि पुढे किलोमागे. तो काढून बघा. दोन दिवस उशिरा जाईल, कुरडईला काय घाई आहे, ती वर्षभर टिकते.

वाळवण_अमळनेर

सापडलं. २ किलोला ११० आणि पुढे प्रत्येक किलोला ३०. म्हणजे ३ किलोला १४०, जीएसटीसकट १६५ रुपये २० पैसे. ४३४ चे १६५!! मला एवढे दिवस ह्या टॅबवर क्लिक करायचं सुचलं नाही.

एक विचारू का, हा १८ टक्के जीएसटी परत मिळतो म्हणतात ना?

हिशोबतपासनीस

तुमचा जीएसटी नंबर असेल तर आणि तुम्ही विकताय त्या मालावर कर लागत असेल तरच. नंबर नसेल तर ते १८ टक्के हा तुमचा खर्चच, रेट नेहमी करासकट धरा. बहुतेक नवीन लोक इथे गंडतात कारण साइटवर मोठ्या अक्षरात कराआधीचा आकडा असतो.

आणि विषय निघालाच आहे तर, सुरत आणि बंगलोर म्हणजे राज्याबाहेर. राज्याबाहेर करपात्र माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, रजिस्ट्रेशन लागतं, ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नंबर लागत नाही ती सूट तिथे चालत नाही. पापडावर शून्य टक्के आहे, मसाल्यावर नाही, बाकी तुमच्या यादीतलं काय कशात बसतं ते जवळच्या सीएला एकदा यादी दाखवून विचारा. एफएसएसएआयचं, म्हणजे खाद्यपदार्थ विकायचं रजिस्ट्रेशन घेतलंय ना? तो १४ आकडी नंबर पाकिटावर छापलेला पाहिजे.

वाळवण_अमळनेर

एफएसएसएआय घेतलंय, बचत गटाच्या ताईंनी करून दिलं. सीएचं बघते, आमच्या गल्लीतच एक आहेत.

नागलीवाली_मावशी

अगं मुली, मी नाशिकहून नागलीचे पापड आणि कुरडया पाठवते, सहा वर्षं झाली. सगळे तुला खोकं लहान कर सांगतायत ते बरोबरच आहे पण कुरडई किती लहान खोक्यात कोंबणार, पुण्याला पोचेपर्यंत तिचा चुरा होतो आणि मग बाई फोटो पाठवते. माझं उलटं गणित आहे, ते ऐक.

कुरडईच्या खोक्याचे तू ३ किलोचे पैसे भरतेस आणि आत खरं वजन सव्वा किलो. म्हणजे पावणेदोन किलोचं भाडं तू भरलंयस आणि ती जागा रिकामी चाललीय. कुरडई म्हणजे काय, निम्मी हवाच. तर त्या खोक्यात जड वस्तू टाक. उडदाचे पापड, तिखट, शेवयांचं दाबलेलं पाकीट, जे काय जड आणि चपटं असेल ते. त्याचं शिपिंग शून्य. एकटा पापड पाठवला असता तर त्याचे वेगळे ६०-७० गेले असते. म्हणून मी एकटी कुरडई विकतच नाही, सेट विकते.

अट एकच, खोक्याचं बाहेरचं माप वाढता कामा नये. मी अर्धा किलोच्या दोन पिशव्यांऐवजी पाव किलोच्या चार करते, त्या उभ्या आडव्या बसतात आणि मध्ये पापडाचं पाकीट सरकतं. पापड तळाला, कुरडई वर. वरून खोकं फुगलं नाही पाहिजे, फुगलं की मशीन फुगलेलं मोजतं. त्यांच्या हबमध्ये आता माणूस टेप लावत नाही, पट्ट्यावरून जाता जाता माप घेतं ते मशीन.

आणि पुढच्या उन्हाळ्यात कुरडई छोटी घाल. ताटाएवढी नको, वाटीएवढी. सोऱ्या तोच, हात थोडा आवरायचा. एकावर एक रचता येतात, तळताना पण लहान कढईत मावतात, शहरातल्या पोरींकडे मोठी कढई असते कुठे. माझं १ किलो कुरडई आणि अर्धा किलो पापड आता २४ बाय २० बाय २० मध्ये बसतं. ९६०० भागिले ५००० म्हणजे १.९२, दोनच्या आत. बरोब्बर २ करायचं नाही कधी, फुगवट्याला जागा ठेवायची.

वाळवण_अमळनेर

मावशी 🙏🙏 हे तर डोक्यातच आलं नव्हतं. सासूबाईंना वाटीएवढ्या कुरडईचं सांगितलं तर म्हणाल्या ती कुरडई की चकली, आमच्याकडे कुरडई ताटातून बाहेर यायला पाहिजे. चैत्रापर्यंत त्यांना मनवायला वेळ आहे. यंदाचा माल मोठाच आहे, तेव्हा ह्या सीझनला ३० बाय २५ बाय २० च.

डाकबाबू_निवृत्त

पोस्टात ३१ वर्षे नोकरी केली, त्यामुळे पक्षपाती आहे हे आधीच सांगतो.

आसामच्या जवानाचं पार्सल थांबवलं असं आपण लिहिलंत. त्याचा पत्ता तिथल्या तेजपूरसारख्या एखाद्या शहरातला आहे की ५६ एपीओ, ९९ एपीओ असा, म्हणजे लष्कराच्या टपाल कार्यालयाचा आहे? एपीओ असेल तर कुठलंही खाजगी कुरिअर तिथे जाणार नाही, साइटवर पिनकोड टाकला की सर्व्हिस नाही असंच येईल. लष्कराच्या टपालाचा पिनकोड ९ ने सुरू होतो आणि ते फक्त पोस्टातूनच जातं. सरळ काउंटरला जा आणि स्पीड पोस्ट पार्सल करा. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झालंय, त्यामुळे जुन्या सवयीने रजिस्टर पार्सल मागू नका.

दुसरं. पोस्टात झोन राज्यावर नाही, अंतरावर असतो. लोकल, २०० किलोमीटरपर्यंत, २०१ ते ५००, मग १००० पर्यंत, २००० पर्यंत आणि त्याच्या पुढे. आपल्याला ह्याचा फायदा आहे. अमळनेरहून सुरत अडीचशे किलोमीटरच्या आतबाहेर, ताप्ती रेल्वे लाइनवर सरळ. काही कुरिअर गुजरात म्हणून तिथे वेगळा झोन लावतात. पोस्टाला सुरत आणि पुणे एकाच टप्प्यात. मोठ्या खोक्याचं आकारमान मात्र पोस्टातही मोजतात, तो नियम चुकत नाही. ३५ किलोपर्यंत घेतात.

आणि खेड्यातल्या गिऱ्हाइकाचा पिनकोड कुरिअरच्या यादीत नसेल किंवा 'आउट ऑफ डिलिव्हरी एरिया'चे जादा पैसे मागितले तर पोस्टच. देशात दीड लाखाहून जास्त टपाल कार्यालयं आहेत. सहज आठवलं म्हणून, हा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, संस्कृतचे कवी. काउंटरवर नव्या पोरांना मी हे सांगायचो, कोणी ऐकत नसे.

वाळवण_अमळनेर

काका पत्ता ९९ एपीओच आहे! म्हणूनच साइट घेत नव्हती, मी आपली पिनकोड चुकला असेल म्हणून त्या वहिनींना तीनदा विचारलं. उद्याच पोस्टात जाते.

साबणवाला_सांगली

कॅश ऑन डिलिव्हरीबद्दल कोणीच बोललं नाही, मी बोलतो कारण मी त्यात हात पोळून घेतलेत. सीओडी चालू केली की ऑर्डरी दुप्पट होतात, आनंद होतो, मग परत यायला लागतात. माझ्या मागच्या महिन्यात ४० सीओडी, त्यातली ७ परत. 'घरी नव्हतो', 'मिस्टर नाही म्हणाले', एकाने तर फोनच उचलला नाही. परत आलेल्या पार्सलचं जातानाचं भाडं तर गेलंच, येतानाचं पण लागतं. मला जाताना ६० आणि येताना ५५, म्हणजे ७ गुणिले ११५, ८०५ रुपये. हे ८०५ कोणी भरायचे? उरलेल्या ३३ जणांवर वाटले तर प्रत्येकी जवळजवळ साडेचोवीस. शिवाय सीओडीचा वेगळा चार्ज, ठरावीक रक्कम किंवा टक्का, जे जास्त ते. आणि पैसे हातात यायला आठवडा-दहा दिवस.

माझा साबण परत आला तर साबणच असतो. तुमची कुरडई जाऊन-येऊन दोनदा हजार किलोमीटर फिरली की ती परत विकायच्या लायकीची राहील का?

मी आता १०० रुपये आधी यूपीआयने घेतो, बाकीचे दारात. परत येणं ७ वरून १ वर आलं. ज्याला १०० पाठवायचा कंटाळा त्याला साबण नकोच असतो.

घरपोच_गोडवा

मी थोडी वेगळ्या मताची आहे. सगळे खर्च खर्च करतायत पण गिऱ्हाईक काय बघतं ते पण बघा. ४२० ची कुरडई आणि शेवटच्या पानावर 'शिपिंग १७५' दिसलं की माणूस तिथनंच पळतो. त्यापेक्षा ५९५ फ्री शिपिंग लिहा. मी पुरणपोळ्या पाठवते पुण्यातून, जेव्हापासून फ्री शिपिंग केलंय तेव्हापासून कार्टमध्ये टाकून सोडून देणारे खूप कमी झाले.

चपलांचा_दुकानदार

पुरणपोळी तुम्ही पुण्यातल्या पुण्यात जास्त पाठवत असाल ना? मग एकच झोन, फ्री परवडतं. ताईंकडे सुरत, बंगलोर, उद्या दिल्ली पण येईल. फ्री शिपिंगमध्ये जवळच्याने लांबच्याचं भाडं भरायचं असतं, पुण्याच्या माणसाला ५९५ बघून वाटेल गावच्या कुरडईला एवढे कशाला, इथे मंडईत मिळते.

घरपोच_गोडवा

मंडईतली कुरडई आणि अमळनेरची कुरडई एक आहे का 😏 बरं पण मुद्दा मान्य, पुण्याबाहेर मी पाठवतच नाही, दुसऱ्या दिवशी पोळी वास मारते.

हिशोबतपासनीस

भांडू नका, मधला रस्ता आहे. ताई, आलेल्या ऑर्डरींवरूनच सरासरी काढा. जवानाचं पोस्टाने जाणार ते सोडा, उरल्या ११. ३ किलोच्या स्लॅबला महाराष्ट्र १६५.२०, सुरत आणि बंगलोरचे रेट तुम्ही टाका, मी गणित करून देतो.

वाळवण_अमळनेर

सुरत ३ किलो १५५ अधिक जीएसटी, १८२.९०. बंगलोर २०० अधिक जीएसटी, २३६.

हिशोबतपासनीस

८ गुणिले १६५.२० म्हणजे १३२१.६०. सुरतेचे दोन ३६५.८०. बंगलोर २३६. एकूण १९२३.४०, भागिले ११, सरासरी १७५ ला थोडं कमी.

आता मावशींचा सेट धरा, १ किलो कुरडई ४२० आणि अर्धा किलो पापड, समजा १७०. झाले ५९०. शिपिंग म्हणून गिऱ्हाइकाकडून ९९ घ्या आणि उरलेले ७६ किमतीत घाला, ६६६ होतात, ६६५ करा. ९९ ला कोणी पळत नाही. खोकं, टेप, पाव किलोच्या पिशव्या, लेबल ह्याचे २५-३० लागतील, तेही किमतीतच पाहिजेत, ते तुमच्या २९० मध्ये धरलेत का बघा. पेमेंट गेटवे (वेबसाइटवर ऑनलाइन पैसे घेऊन देणारी कंपनी) साधारण २ टक्के कापतो, तोही बघा. ईशान्य भारत आणि जम्मू-काश्मीरचा रेट कुरिअरवाल्यांकडे वेगळा, जास्त असतो, तो सरासरीत घेऊ नका, वेबसाइटवर त्या पिनकोडला वेगळा चार्ज ठेवा, नाहीतर एक ऑर्डर दहा ऑर्डरींचा नफा खाते.

दर तीन महिन्यांनी परत काढा. ऑर्डरींचा नकाशा बदलला की सरासरी बदलते.

वाळवण_अमळनेर

नाही धरले! खोकं फुकट होतं ना माझं 🤦‍♀️ टेप घरातलीच, पिशव्या घरातल्याच. परत मांडते सगळं.

न्यूजर्सीचा_नाना

मी खानदेशचाच, एरंडोलचा, सध्या न्यूजर्सी. ताई इकडे पाठवता का? दिवाळीत फराळाची पार्सलं येतात तशी. आठ वर्षं कळण्याची भाकरी खाल्ली नाही, निदान बिबडे तरी. बिबडा शेतस का?

वाळवण_अमळनेर

शेतस ना भाऊ, नागलीना बी शेतस! पण अमेरिकेला पाठवायचं आत्ता धाडस नाही, आधी पुण्याला न हरता पाठवू दे.

साबणवाला_सांगली

नाना, अमेरिकेची ती ८०० डॉलरच्या खालच्या पार्सलची ड्युटीमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झालीय. आता लहान पार्सललाही ड्युटीचा हिशोब लागतो आणि खाण्याच्या वस्तूला तिकडच्या एफडीएला, म्हणजे अन्न-औषध खात्याला, आगाऊ सूचना वगैरे वेगळंच. ताईंना त्यात नका ओढू, कोणी गावी जाऊन येत असेल त्याच्या बॅगेत मागवा.

न्यूजर्सीचा_नाना

बॅगेत पण तेच की हो, कुरडईने अर्धी बॅग भरते आणि वजन काट्यावर काहीच नाही. बायको म्हणते हवा घेऊन आलास का.

चपलांचा_दुकानदार

ताई एक राहिलं. प्रत्येक पार्सल बंद केल्यावर फोटो काढा, काट्यावरचा, आणि लांबी-रुंदी-उंचीला टेप लावून, आकडा दिसेल असा, लेबल चिकटवल्यानंतर. परत तफावत दाखवली तर साइटवर वाद घालायला ठरावीक दिवसच देतात, त्यात हे फोटो टाकायचे. माझे निम्म्याहून जास्त वेळा पैसे परत आलेत. बुकिंग करताना पण मापं खरी टाका, वजनाच्या रकान्यात वजन भरून मापं १० बाय १० बाय १० तशीच सोडू नका, ती आधीपासून भरलेली असतात आणि सगळे नवीन लोक तिथेच आपटतात.

वाळवण_अमळनेर

तिथेच आपटले मी पण. १० बाय १० बाय १० च होतं.

वाळवण_अमळनेर

अपडेट देते, तीन आठवडे झाले. जळगावहून ३० बाय २५ बाय २० ची ५० खोकी आणली, १८ ला एक पडलं. मावशींनी सांगितलं तशा पाव किलोच्या चार पिशव्या केल्या, मध्ये पापड, तळाला कागदाचे बोळे. पहिल्यांदा झाकण बसेना, तर सासूबाई आल्या आणि त्यांनीच एक पिशवी उलटी फिरवून बसवली, वर म्हणाल्या छोट्या असत्या तर सोप्पं गेलं असतं. मी काही बोलले नाही.

पुण्याला पहिला सेट गेला. वजन १.८, बिल ३ किलोचं, १६५ रुपये २० पैसे. वॉलेट रोज उघडून बघत होते, आज ९ दिवस झाले, एक रुपया कापलेला नाही. किंमत शेवटी ६९५ केली, खोकं-पिशव्या-टेप धरून, अधिक ९९. एकीने विचारलं एवढं महाग का, तिला म्हटलं हवेचे पण पैसे लागतात ताई. तिला वाटलं मी टोमणा मारला. तिने नाही घेतलं.

जवानाचं पार्सल स्पीड पोस्टाने केलं, बाराव्या दिवशी मिळालं. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला, बराकीत मोठ्या कढईत कुरडया तळतायत आणि बाजूला सात-आठ जण उभे. अजून ३ किलो पाहिजेत म्हणे. काका, एपीओला ३ किलो कुरडई एका खोक्यात करू की तीन वेगळी?

डाकबाबू_निवृत्त

एकाच खोक्यात करा, फाइव्ह प्लाय घ्या. आणि चारही बाजूंनी सुतळी बांधा, टेपवर भरवसा नको.